घर हीच शाळा : जॉन स्टुअर्ट मिल यांचे बालपण आणि पुढे

प्रवेशाचे दिवस आले की माझ्या कार्यालयात दोन-चार पालक असे येतात, की ज्यांना अर्ज नको असतो, सल्ला हवा असतो. मूल चुणचुणीत आहे, घरी शिकवलेले चटकन उचलते. मग सात-आठ वर्षांचे होईपर्यंत त्याला घरीच शिकवले तर काय बिघडेल, असा त्यांचा प्रश्न असतो. करोनाच्या दोन वर्षांनंतर हा प्रश्न अधिक वेळा कानी येऊ लागला आहे. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांत त्याला आणखी एक पदर असतो. बाहेरची भाषा निराळी, घरातली मराठी. तेव्हा मूल घरात जितके अधिक राहील तितकी त्याची मराठी पक्की होईल, असे आजी-आजोबांना वाटते. त्यांचे अगदीच चुकते असे मी म्हणणार नाही. मात्र अशा वेळी मला दोनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये वाढलेल्या एका मुलाची आठवण हटकून येते. हीरक महोत्सवी स्मरणिकेसाठी एखादे चरित्र लिहावे, असे संपादक मंडळाने सुचवले, तेव्हा मी त्याचेच नाव सांगितले.

तो मुलगा म्हणजे जॉन स्टुअर्ट मिल. व्यक्तिस्वातंत्र्याचा आणि स्त्रियांच्या हक्कांचा कैवार घेणारा एकोणिसाव्या शतकातील हा थोर इंग्रज विचारवंत मराठी वाचकाला परका नाही. आगरकरांच्या पिढीने मिल आणि स्पेन्सर वाचले आणि पचवले; सुधारकांच्या लेखनात त्या वाचनाचा ठसा पानोपानी दिसतो. एवढा विद्वान मनुष्य, पण त्याने शाळेचे तोंड कधी पाहिले नव्हते. त्याचे घर हीच त्याची शाळा होती आणि वडील हेच एकमेव शिक्षक.

जॉनचा जन्म २० मे १८०६ रोजी लंडनच्या पेंटनव्हिल भागात झाला. नऊ भावंडांत तो थोरला. वडील जेम्स मिल हे स्कॉटलंडमधील एका खेड्यात जोडे शिवणाऱ्या कारागिराचे पुत्र. सर जॉन स्टुअर्ट नावाच्या एका धनिकाच्या आश्रयाने ते एडिंबरोच्या विद्यापीठापर्यंत शिकले आणि त्या उपकाराची आठवण म्हणून त्यांनी थोरल्या मुलाला त्यांचेच नाव ठेवले. १८०२ मध्ये ते लंडनला आले आणि लेखणीवर पोट भरू लागले. जॉन जन्मला त्याच वर्षी त्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानचा इतिहास लिहावयास घेतला. तीन वर्षांत तो पुरा होईल अशी त्यांची अटकळ होती. प्रत्यक्षात अकरा-बारा वर्षे लागली. हिंदुस्थानात एकदाही पाऊल न टाकता आणि येथील एकही भाषा न जाणता लिहिलेल्या त्या ग्रंथाने आपल्या देशाविषयी जे ग्रह पसरवले, त्यांबद्दल लिहायचे तर निराळाच लेख लिहावा लागेल. येथे एवढेच सांगायचे, की घरात निश्चित मिळकत नाही, मुले वाढत आहेत आणि ग्रंथ संपत नाही, अशा काळात या गृहस्थाने मुलाला स्वतः शिकवण्याचा निश्चय केला आणि तो तडीस नेला.

या निश्चयामागे एक सिद्धान्त होता. मूल म्हणजे कोरी पाटी. तिच्यावर जे संस्कार ज्या क्रमाने उमटतील तसा मनुष्य घडेल, अशी जेम्स मिल यांची श्रद्धा होती. तत्त्वज्ञ जेरेमी बेंथॅम हे त्यांचे स्नेही. १८१२ मध्ये जेम्स मिल आजारी पडले, तेव्हा आपल्या पश्चात मुलाचे पालकत्व बेंथॅम यांनी घ्यावे, असेही या दोघांत बोलणे झाले होते. जगाचे भले कशात आहे हे तर्काने ठरवणारा आणि त्यासाठी झटणारा वारस त्यांना घडवायचा होता. त्या काळच्या शाळांत घोकंपट्टी होती आणि छडी होती. त्याहून मोठी भीती म्हणजे इतर मुलांच्या संगतीने सामान्य, सवंग विचारांची लागण होईल, ही होती. म्हणून जॉनला शाळा नाही आणि सवंगडीही नाहीत, असे ठरले.

तिसऱ्या वर्षी ग्रीक भाषा सुरू झाली. ग्रीक शब्द आणि त्यांचे इंग्रजी अर्थ लिहिलेल्या चिठ्ठ्या वडिलांनी तयार केल्या होत्या. तेव्हा ग्रीक-इंग्रजी कोश नव्हता. होता तो ग्रीक-लॅटिन, आणि लॅटिन तर या मुलाला अजून येत नव्हते. तेव्हा अडलेला प्रत्येक शब्द वडिलांनाच विचारावा लागे. ज्या मेजाशी बसून वडील इतिहासाचे खंड लिहीत, त्याच मेजाच्या दुसऱ्या बाजूला बसून मुलगा धडा तयार करी आणि दर दोन ओळींमागे त्यांना थांबवी. स्वभावाने तापट असलेल्या त्या माणसाने ही अडवणूक वर्षानुवर्षे सोसली. माझ्या नोकरीच्या काळात मी पुष्कळ पालक पाहिले. मुलासाठी पैसा ओतणारे पाहिले, शिकवण्या लावणारे पाहिले. पण आपल्या कामाचे मेज मुलासाठी असे अर्धे रिकामे करून देणारे फार थोडे. पुढे जे काही सांगायचे आहे ते सांगताना मला या मेजाचा विसर पडू द्यायचा नाही.

आठव्या वर्षापर्यंत इसापच्या कथा, झेनोफोन, हिरोडोटसचा सगळा इतिहास आणि प्लेटोचे काही संवाद मूळ ग्रीकमधून वाचून झाले होते. संध्याकाळी गणित, ते मात्र त्याला नकोसे वाटे. सकाळी न्याहारीपूर्वी बापलेक फिरावयास निघत. आदल्या दिवशी वाचलेल्या इतिहासाची टिपणे मुलाच्या हातातल्या कागदांच्या कपट्यांवर असत आणि ती पाहत तो सगळी हकीकत वडिलांना सांगे. त्या वाटेवर हिरवळ होती, रानफुले होती. पुढे आठवण लिहिताना त्याला ती फुले आणि ते कपटे एकत्रच आठवले. घरात खेळणी अगदी मोजकी. गोष्टीची पुस्तके कुणी दिली वा मागून आणली तरच. रॉबिन्सन क्रूसो हे त्याला त्या काळात अतिशय आवडलेले पुस्तक. सुट्टी म्हणून नव्हतीच. कामाची सवय मोडेल आणि आळसाची गोडी लागेल, असे वडिलांना वाटे.

आठव्या वर्षी तो लॅटिन शिकू लागला आणि त्याच वेळी शिक्षकही झाला. जे आज शिकायचे ते उद्या धाकट्या बहिणींना शिकवायचे, अशी व्यवस्था होती. त्यांचा धडा कच्चा राहिला तर जबाबदारी त्याची. १८१७ मध्ये हे कुटुंब बेंथॅम यांच्याबरोबर फोर्ड ॲबी येथे राहिले असताना फ्रान्सिस प्लेस हे त्यांचे स्नेही तेथे पाहुणे होते. त्यांनी पत्रात एक प्रसंग कळवला आहे. बहिणींचा एका शब्दात चूक होऊन धडा फसला. ती चूक जॉनने चालू दिली होती. म्हणून तिघांनाही दुपारचे जेवण मिळाले नाही आणि पुस्तके घेऊन संध्याकाळपर्यंत बसावे लागले. प्लेस हे या शिक्षणपद्धतीचे चाहते होते, तरी त्यांनाही हे खटकले. मिल यांनी स्वतः पुढे लिहून ठेवले आहे, की शिकवल्याने आपले शिकणे पक्के झाले हे खरे. पण मुलाने मुलांना शिकवण्याच्या या नात्याने ना शिकवणाऱ्याचे भले होते, ना शिकणाऱ्यांचे. बहिणीला भाऊ हवा असतो. या घरात तिला आणखी एक मास्तर मिळाला.

बाराव्या वर्षी तर्कशास्त्र, तेराव्या वर्षी अर्थशास्त्र. अर्थशास्त्राचा पाठ फिरतानाच होई. वडील रोज एक भाग समजावून देत. मुलगा दुसऱ्या दिवशी तो लिहून आणी. लेखन स्वच्छ, नेमके आणि पूर्ण होईपर्यंत वडील ते पुन्हा पुन्हा लिहायला लावत. पुढे १८२१ साली जेम्स मिल यांनी अर्थशास्त्रावर पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांना या बालटिपणांचा उपयोग झाला. जे आपले आपल्याला शोधता येईल ते कधीच आधी सांगायचे नाही, हा त्यांचा दंडक होता. शिक्षणशास्त्राच्या पदवीला आम्ही हेच तत्त्व निराळ्या नावांनी शिकलो. वर्गात पन्नास मुले असताना ते पाळणे किती अवघड, हे शिक्षकच जाणतात. त्या मुलाला मात्र ते रोज आणि अखंड लाभले.

आता दुसरी बाजू. मिल यांचे आत्मचरित्र त्यांच्या मृत्यूनंतर १८७३ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या पहिल्या मसुद्यात होता, पण छापलेल्या प्रतीतून त्यांनी गाळला, असा एक मजकूर पुढे उजेडात आला. त्यात ते कबूल करतात, की इतर मुले ज्या वयात आपले कपडे आपण घालू लागतात त्याच्या कितीतरी नंतर आपल्याला ते जमले. साधी गाठ बांधायला किती वर्षे लागली, ते आठवत नाही. उच्चार बराच काळ बोबडे राहिले. र हे अक्षर सोळाव्या वर्षाच्या आसपास जिभेवर बसले. छापील आत्मचरित्रातही हात चालत नाहीत, व्यवहारातल्या वस्तू दिसत नाहीत, अंगमेहनतीचा एकही खेळ येत नाही, अशी खंत आहेच. आणि तो सांगतो की घरी येणाऱ्या थोरामोठ्यांना मुलगा शिष्ट वाटे. मोठ्यांचे बोलणे तो बिनदिक्कत खोडून काढी. कारण वादात वय पाहायचे असते, समोरच्याचा चेहरा पाहायचा असतो, हे त्याला कुणी दाखवलेच नव्हते. स्वतःला तो मुळीच मोठा समजत नव्हता. तुलना करायला दुसरे मूलच नव्हते, मग समजणार कसा?

हे वाचले तेव्हा माझा मुलगा पाच वर्षांचा होता. एम.ए.ला मिल वाचले होते ते परीक्षेपुरते. आत्मचरित्र हाती आले ते तेव्हा. मी मुलाला घरीच शिकवत होते. तो मराठी वर्तमानपत्र खडाखडा वाची आणि आल्यागेल्यापुढे वाचून दाखवी, याचा मला केवढा अभिमान! पहिल्या दिवशी तो शाळेत गेला आणि तासाभरात रडत बाहेर आला. पाण्याच्या नळाशी मुलांची रांग होती. रांग हा शब्द त्याला लिहिता येत होता; पण आपल्यापुढे सहा जण उभे आहेत आणि आपण थांबायचे आहे, ही गोष्ट त्याच्या आयुष्यात त्या दिवसापर्यंत घडलीच नव्हती. घरात पाणी मागितले की मिळत होते. मी शिक्षिका असून माझ्या हे ध्यानात आले नव्हते. रांगेतच एका मुलीने त्याला आपल्यापुढे घेतले, असे मला नंतर बाईंकडून कळले. ते शिकवणे मला घरी शक्य नव्हते.

मिल यांच्या आत्मचरित्रातील आणखी एक गोष्ट स्त्री म्हणून मला टोचते. छापील ग्रंथात आईचा उल्लेख जवळजवळ नाहीच. हॅरिएट बरो हे तिचे माहेरचे नाव. नऊ मुलांची ही आई एकाच घरात असून त्या शाळेच्या जणू बाहेर उभी होती. वडिलांविषयी मिल यांना अपार आदर होता. पण आपण त्यांच्या धाकात वाढलो आणि प्रेम त्या धाकाखाली दबून गेले, हे त्यांनी दडवलेले नाही.

चौदाव्या वर्षी जॉन पहिल्यांदा घराबाहेर पडला. निघण्यापूर्वी वडिलांनी त्याला हाइड पार्कमध्ये फिरावयास नेले आणि सांगितले, की आता बाहेर पडल्यावर तुला दिसेल, तुझ्या वयाच्या मुलांना ठाऊक नसलेले पुष्कळ तुला ठाऊक आहे. लोक तुझी स्तुती करतील. पण त्यात तुझे कर्तृत्व काही नाही, शिकवण्यास तयार असलेला बाप तुला लाभला, एवढेच. मुलाला ही बातमी नवीन होती आणि त्याने ती शांतपणे ऐकून घेतली. बेंथॅम यांचे बंधू सर सॅम्युअल यांच्या कुटुंबाबरोबर तो दक्षिण फ्रान्समध्ये सुमारे वर्षभर राहिला. तेथे त्याला घोड्यावर बसायला, तलवारीचे हात करायला, नाचायला आणि पियानो वाजवायला शिकवण्याचे प्रयत्न झाले. शरीराच्या विद्या त्याला फारशा साधल्या नाहीत. साधली ती वनस्पतींची ओळख. सर सॅम्युअल यांचा मुलगा जॉर्ज बेंथॅम याने त्याला रानात हिंडून झाडे ओळखायला, नमुने दाबून ठेवायला शिकवले. आपल्यापैकी ज्यांनी वनस्पतिशास्त्र घेऊन पदवी मिळवली त्यांना बेंथॅम आणि हूकर यांचे वर्गीकरण आठवत असेल. त्यातला बेंथॅम तो हाच. हा छंद मिल यांना अखेरपर्यंत पुरला.

हिवाळ्यात माँपेल्ये येथे तो विज्ञानाची व्याख्याने ऐकावयास जाऊ लागला. तेथे आंत्वान बालार नावाचा, त्याच्याहून तीन-चार वर्षांनी मोठा विद्यार्थी त्याला भेटला. ब्रोमीन या मूलद्रव्याचा शोध लावणारा तो पुढचा प्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञ. पुष्कळ वर्षांनी फ्रेंच तत्त्वज्ञ ऑग्यूस्त कोंत यांना लिहिलेल्या पत्रात मिल यांनी माँपेल्येची आठवण काढली आहे. घरच्यांनी नेमून दिलेला नव्हे, तर स्वतः निवडलेला पहिला मित्र आपल्याला तेथे मिळाला, असे ते कळवतात. ग्रीक तिसऱ्या वर्षी मिळाले, मित्र पंधराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर.

परत आल्यावर वडिलांनी त्याला ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील कचेरीत चिकटवले. १८१९ पासून ते स्वतः तेथे होते. १८२३ च्या मे महिन्यात, सतरावे वर्ष संपले त्याच्या दुसऱ्याच दिवशी जॉन तेथे रुजू झाला आणि पुढे पस्तीस वर्षे, कंपनीचा कारभार गुंडाळला जाईपर्यंत, तेथेच राहिला. हिंदी संस्थानांशी होणाऱ्या पत्रव्यवहाराचे मसुदे वर्षानुवर्षे त्याच्या हातून गेले. मेकॉले यांनी इंग्रजी शिक्षणाचा पुरस्कार करणारे टिपण लिहिल्यावर १८३६ मध्ये मिल यांनी त्या धोरणाच्या विरोधात एक खलिता तयार केला होता. इंग्रजीच्या द्वारे सर्वसामान्य हिंदी लोकांपर्यंत विद्या पोहोचणार नाही. ती पोहोचायची तर लोकांच्या स्वतःच्या भाषांतूनच, असे त्यांचे म्हणणे होते. वरिष्ठांनी तो खलिता फेटाळला. मराठी माध्यमाच्या शाळेच्या स्मरणिकेत ही गोष्ट नोंदवल्यावाचून मला राहवत नाही.

आता पुन्हा विषयाकडे. कचेरी सांभाळून या तरुणाने जे केले ते वडिलांनी आखलेल्या अभ्यासक्रमात नव्हते. त्याने सोबती जमवले. १८२२-२३ च्या हिवाळ्यात त्याने एक छोटी सभा काढली. आरंभी तिघेच होते आणि ती कधी दहावरही गेली नाही. बेंथॅम यांच्या घरी पंधरा दिवसांतून एकदा बैठक भरे, निबंध वाचले जात, वाद होत. तीन वर्षांनी दुसरा उपक्रम सुरू झाला. बँकमालक जॉर्ज ग्रोट यांच्या थ्रेडनीडल स्ट्रीटवरील घरी आठवड्यातून दोनदा सकाळी साडेआठ ते दहा, म्हणजे कचेरीची वेळ होण्यापूर्वी, दहा-बारा तरुण एकत्र येत. एकाने पुस्तकाचा भाग मोठ्याने वाचायचा, मग चर्चा. आणि कुणाही एकाची शंका शिल्लक असेपर्यंत पुढे जायचे नाही. एकेका प्रकरणावर आठवडेच्या आठवडे जात. मिल यांनी लिहिले आहे, की आपण स्वतंत्र विचार करू लागलो ते खऱ्या अर्थाने या सकाळांपासून.

हे मला या चरित्रातील सर्वांत मोलाचे वाटते. वडिलांनी अकरा वर्षे एकट्याला शिकवून जे दिले ते अपूर्वच होते. पण तेथे शंका आली तर तिचे उत्तर देणारा नेहमी एकच होता आणि त्याचे उत्तर बरोबरच असे. ग्रोट यांच्या घरी कुणाचेच उत्तर अखेरचे नव्हते. मिल यांनी तेथे जे मिळवले ते आमच्या पहिलीच्या वर्गात, एका खडूवरून दोघांची ओढाताण होते, तेव्हाच सुरू झालेले असते.

मात्र तोवर उशीर झाला होता. १८२६ च्या शरद ऋतूत, विसाव्या वर्षी, मिल यांच्या मनाने अचानक हाय खाल्ली. ज्या सुधारणांसाठी आपण घडवले गेलो त्या सगळ्या या क्षणी घडून आल्या तर आपल्याला आनंद होईल काय, असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला आणि मनाने स्वच्छ नकार दिला. जगण्याचा आधारच ढासळला. काम सुटले नाही. कचेरी, भाषणे, लेख यंत्रासारखे चालू राहिले. वाईट याचे वाटते, की हे सांगावे असे माणूस त्यांना दिसेना. वडिलांपाशी बोलणे अशक्य होते. त्यांना ते कळले नसते आणि त्यांची पद्धत फसली हे कळून दुःख मात्र झाले असते, असे मुलाला वाटले. बरोबरीचे सोबती होते, पण ते वादाचे सोबती, रडण्याचे नव्हेत. त्या काळात त्यांना कशाची काळजी वाटावी? सूर मोजकेच असतात, तेव्हा त्यांच्या जुळण्या कधीतरी संपतील आणि नवे संगीत उरणार नाही, याची! आपण हसतो, पण एकट्या पडलेल्या बुद्धिमान मुलाची काळजी बहुधा अशाच वाटेने बाहेर पडते.

काही महिन्यांनी मार्मोंतेल या फ्रेंच लेखकाच्या आठवणी वाचताना एक प्रसंग आला. बापाच्या मृत्यूने कोसळलेल्या घराला लहानगा मुलगा धीर देतो, मी तुमची सगळी उणीव भरून काढीन असे आईला आणि भावंडांना सांगतो. ते वाचता वाचता मिल यांना रडू फुटले आणि आपण दगड झालेलो नाही, हे त्यांना कळले. दोन वर्षांनी वर्ड्सवर्थच्या कविता हाती आल्या आणि भावनांचेही संवर्धन करावे लागते, बुद्धीचे केले तसेच, हा विचार त्यांच्या मनात रुजला. दुखणे पुन्हा उलटत राहिले, पण तेवढे खोल कधी गेले नाही.

पुढील आयुष्य सर्वज्ञात आहे. ते थोडक्यात सांगते. १८३० मध्ये हॅरिएट टेलर या विवाहित, विलक्षण बुद्धिमान स्त्रीशी त्यांचा परिचय झाला. एकवीस वर्षांच्या मैत्रीनंतर, तिच्या पतीच्या निधनानंतर दोन वर्षांनी, १८५१ साली त्यांनी विवाह केला. या विवाहाच्या वेळी आई आणि बहिणींनी हॅरिएटचा योग्य मान राखला नाही असे त्यांनी घेतले आणि ते घराशी फटकून वागले. धाकट्या भावाला त्यांनी लिहिलेले पत्र फार कठोर आहे. आईने समेटासाठी केलेले प्रयत्न त्यांनी थंडपणे घेतले. १८५४ मध्ये ती वारली. ज्याने मानवजातीवर एवढे प्रेम केले त्याला रुसलेल्या बहिणीची समजूत काढता आली नाही. याला त्यांचे बालपणच कारणीभूत होते, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण ज्या भावंडांच्या धड्यांतल्या चुका त्याने लहानपणी मोजल्या, तीच ही भावंडे.

१८५८ मध्ये हॅरिएटचे ॲव्हिन्यॉन येथे निधन झाले. पुढच्या वर्षी ऑन लिबर्टी प्रसिद्ध झाले. शिक्षणाविषयी त्यात जे मत आहे त्याचा आधार आजही गृहशिक्षणाचे पुरस्कर्ते घेतात, म्हणून ते नीट सांगायला हवे. प्रत्येक मुलाला शिक्षण मिळालेच पाहिजे आणि सरकारने ते पालकांवर बंधनकारक करावे. पण ते कोठे आणि कसे द्यावे हे सरकारने ठरवू नये, कारण सगळ्यांना एका साच्यात घालण्याचे ते साधन होईल, असे मिल म्हणतात. सरकारी परीक्षेने मूल शिकते आहे की नाही हे पडताळावे, एवढेच. वडिलांच्या पद्धतीवर त्यांनी कधी सरसकट शिक्का मारला नाही. आपली बुद्धी सर्वसामान्य मुलाहून अधिक नव्हती, तेव्हा लहान वयात इतके शिकवता येते हे आपल्या उदाहरणाने सिद्ध होते, असेच ते अखेरपर्यंत मानत राहिले. ही त्यांची नम्रता असेल, पण ती मला पटत नाही. आजवर हजारभर मुले तरी माझ्या हाताखालून गेली असतील. त्यांत तसे एकही नव्हते.

१८६५ ते १८६८ ते पार्लमेंटचे सभासद होते. २० मे १८६७ रोजी, आपल्या एकसष्टाव्या वाढदिवशी, स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणून त्यांनी दुरुस्ती मांडली. बाजूने ७३ मते पडली, विरुद्ध १९६. ठराव हरला, पण ७३ ही संख्या पाहून त्यांना स्वतःलाच नवल वाटले.

अखेरची वर्षे वर्षातले काही महिने ते ॲव्हिन्यॉनला, पत्नीच्या समाधीजवळ घेतलेल्या घरात राहत. सावत्र मुलगी हेलन टेलर त्यांची काळजी घेई. तेथे त्यांना झां आंरी फाब्र भेटले. कीटकांच्या जीवनावरील पुस्तकांमुळे फाब्र पुढे जगप्रसिद्ध झाले. तेव्हा मात्र ते गरीब शाळामास्तर होते. सायंकाळच्या वर्गात मुलींनाही बसू देऊन फुलांत फलधारणा कशी होते ते समजावून सांगितले, म्हणून गावात गहजब झाला, राहते घर सोडावे लागले आणि नोकरीही गेली. संसार घेऊन ऑरांज गावी जायला हातात पैसे नव्हते. मिल यांनी त्यांना तीन हजार फ्रँक उसने दिले; कागद केला नाही, व्याज लावले नाही. दोघे मिळून त्या प्रदेशातील वनस्पतींची सूची करणार होते. दोघेही अबोल. तासन् तास बरोबर चालायचे, एखादे झाड दिसले की थांबायचे, वाकून पाहायचे आणि पुन्हा चालू लागायचे, अशी ती मैत्री होती.

३ मे १८७३ रोजी, शनिवारी, मिल ऑरांजला गेले. सदुसष्टाव्या वर्षाला अवघे काही दिवस राहिले होते. त्या दिवशी फाब्र यांच्याबरोबर सुमारे पंधरा मैल ते रानात हिंडले आणि गोळा केलेली रोपे घेऊन संध्याकाळी घरी परतले. दोन दिवसांत ताप चढला. ७ मे रोजी ते गेले.